दिनविशेष : २८ जानेवारी – विनोद खोसला यांचा जन्म (१९५५)

‘सन मायक्रोसिस्टिम्स’चे सहसंस्थापक आणि सिलिकॉन व्हॅलीतील आघाडीचे गुंतवणूकदार विनोद खोसला यांचा जन्म २८ जानेवारी १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील लष्करात होते. ‘इंटेल’च्या स्थापनेविषयी किशोरवयात वाचल्यावर आपलीही तंत्रज्ञान कंपनी असावी, अशी ओढ त्यांना लागली.

दिल्लीच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकी शिकून त्यांनी सोयाबीनच्या दुधाचा उद्योग उभारण्याची खटपट केली, ती फसली. पुढे कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्ड येथे शिक्षण घेऊन ते ‘डेझी सिस्टिम्स’ कंपनीच्या उभारणीत सामील झाले. १९८२मध्ये अँडी बेख्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय यांच्यासह त्यांनी ‘सन’ सुरू केली. बाजारात सहज मिळणारे सुटे भाग आणि युनिक्स प्रणाली वापरून या कंपनीने अभियंत्यांच्या टेबलावर शक्तिशाली वर्कस्टेशन आणले. जावा ही संगणकभाषा पुढे याच कंपनीतून आली.

१९८६मध्ये ते ‘क्लायनर पर्किन्स’ या गुंतवणूक संस्थेत गेले. ‘ज्युनिपर नेटवर्क्स’मधील तिथली गुंतवणूक विलक्षण फायद्याची ठरली. २००४मध्ये त्यांनी ‘खोसला व्हेंचर्स’ स्थापन केली. स्वच्छ ऊर्जेतील त्यांचे काही डाव साफ बुडाले. मात्र २०१९मध्ये ‘ओपनएआय’मध्ये त्यांच्या संस्थेने पाच कोटी डॉलर गुंतवले, तेव्हा चॅटजीपीटीचा जन्मही झाला नव्हता.

कॅलिफोर्नियातील मार्टिन्स बीचकडे जाणारा रस्ता लोकांसाठी बंद केल्यावरून त्यांच्यावर टीका झाली, खटलेही चालले. तरीही अपयशाची जोखीम पत्करून नव्या तंत्रज्ञानाला भांडवल पुरवणाऱ्यांत त्यांचे स्थान वरचे आहे.