चुनकळी विरवणे (ऊर्जाबदल)

भाजलेल्या चुनखडीत, म्हणजे चुनकळीत, पाणी घालून विरी चुना तयार करण्याची क्रिया. रासायनिक अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते हे हाताला जाणवून देणारे इतके सोपे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. हौदातल्या पांढऱ्या ढेकळांवर पाणी पडले की क्षणभर काहीच होत नाही; मग ढेकळे फुसफुसतात, तडकतात, फुगून भुकटी होतात आणि वाफेचे लोट उठतात. खाली जाळ नसताना पाणी उकळते.

ही उष्णता भट्टीतून आलेली असते. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुनकळी उरते. या विघटनाला प्रतिमोल सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणून ही अभिक्रिया उष्माग्राही. विरवताना चुनकळी व पाणी मिळून कॅल्शियम हायड्रॉक्साइड होते. जुने बंध तुटायला ऊर्जा खर्च होते, नवे जुळताना ती सुटते. इथे सुटणारी जास्त, म्हणून प्रतिमोल सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. ही अभिक्रिया उष्मादायी. एक मोल चुनकळी म्हणजे ५६ ग्रॅम. त्या हिशेबाने एका किलोची उष्णता साडेतीन लिटर साधे पाणी उकळीला आणू शकते. म्हणूनच विरवताना डोळे जपावे लागतात: उडालेला थेंब गरमही असतो आणि दाहकही.

उरलेले ११३ किलोज्यूल हा चुना बांधकामात वापरल्यावर भिंतीत सुटतात. दगडांच्या दरजांमधला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो, पण इतक्या सावकाश, की भिंतीला हात लावून ऊब कळत नाही. चुन्याची निवळी फुंकरीने दुधाळ होते, तीही हीच अभिक्रिया. ६५ आणि ११३ मिळून बरोबर १७८. वाट कोणतीही असो, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर उष्णतेची बेरीज बदलत नाही, हा नियम सेंट पीटर्सबर्ग येथे काम करणाऱ्या जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व तेव्हा अजून सर्वमान्य व्हायचे होते, हे लक्षात घेतले की त्यांच्या मोजमापांचे मोल कळते.

महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याचे गोल चर आणि दगडी चाक अजून दिसतात. विरलेला चुना तिथे वाळूसह मळला जाई.