शेतीशाळेत नेमके काय शिकले जाते

विकसनशील देशांच्या हवामान-सक्षम शेतीच्या योजनांत वाण, ठिबक आणि मोबाइलवरचे संदेश यांची तरतूद आधी होते. शेतकऱ्याची निर्णयक्षमता मात्र एका दिवसाच्या प्रशिक्षणात उरकली जाते. ती क्षमता प्रत्यक्षात कशी घडते, हे इंडोनेशियात तपासता येते.

तेथे कीटकनाशकांवर मोठे सरकारी अनुदान होते. फवारण्या वाढल्या तसा भातावरचा तपकिरी तुडतुडाही वाढला. फवारणीत त्याला खाणारे कोळी मरत, तर भाताच्या पानात घातलेली त्याची अंडी वाचत. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि १९८९ मध्ये शेतीशाळा सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकरी हंगामभर दर आठवड्याला बांधावर जमत, चुडांवरचे तुडतुडे आणि कोळी मोजत, पाहिलेले कागदावर चितारत आणि फवारायचे की थांबायचे यावर वाद घालत. प्रशिक्षक आयते उत्तर देत नसे. शंका असेल तर तुडतुडा आणि कोळी जाळीत एकत्र ठेवून कोण कोणाला खातो ते सगळे मिळून पाहत.

जागतिक बँकेच्या संशोधकांनी २००४ मध्ये या शाळांचा हिशेब मांडला. उत्पादनात किंवा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही आणि शिकलेले शेजाऱ्यांपर्यंत पोहोचल्याचेही दिसले नाही. हा निष्कर्ष झटकून टाकण्याजोगा नाही, पण माझ्या मते त्यातून शाळा निरुपयोगी ठरत नाहीत. नवे वाण पिशवीतून शेजारच्या शिवारात जाते. निरीक्षणाची सवय जात नाही. अमक्याने फवारले नाही एवढेच शेजाऱ्याला दिसते, त्यामागची मोजणी दिसत नाही. म्हणून ‘एकाला शिकवा, तो दहांना शिकवील’ हे गृहीतक इथे लागू पडत नाही. प्रत्येक गटावर वेळ आणि पैसा खर्चावाच लागतो.

पावसाबाबत हे अधिकच खरे आहे. जावातील इंद्रमायू जिल्ह्यात मानववंशशास्त्रज्ञ युनिता विनार्तो आणि कृषिहवामानतज्ज्ञ कीस स्टिख्टर यांच्यासोबत शेतकरी रोज आपापल्या शेतातला पाऊस मोजू लागले. पीक-पाण्याच्या नोंदी ठेवून ते दरमहा एकत्र बसत आणि हंगामी अंदाजाकडे शक्यता म्हणून पाहायला शिकत.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झालेल्या हवामान-अनुकूल शेतीच्या ‘पोकरा’ प्रकल्पानेही शेतीशाळांचा आधार घेतला. किती शाळा झाल्या, किती शेतकरी आले, हे मोजणे सोपे असते. खरी कसोटी पेरणीच्या वेळी लागते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग देतो. पण महसूल मंडळाच्या केंद्रावर नोंदलेला पाऊस आपल्या शिवारात पडलेला असेलच असे नाही, आणि दुबार पेरणीचा भुर्दंड त्या फरकातून बसतो. पर्जन्यमापक स्वस्त आहे. त्यातला आकडा पाहून आज पेरायचे की आठवडाभर थांबायचे, हे गटात बसून ठरवण्याची सवय दोन-तीन हंगामांच्या सोबतीशिवाय लागत नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात या सोबतीसाठी, म्हणजे गावात टिकून राहणाऱ्या प्रशिक्षकासाठी, स्वतंत्र तरतूद हवी.