मूल वाचत का नाही? नेमकं संशोधन शोधायचं कसं?

वाचता येतं, पण वाचायला नको वाटतं, अशा मुलांना इंग्रजीत 'रिलक्टंट रीडर्स' म्हणतात. त्यांच्यावरचं संशोधन अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या 'एरिक' या मोफत डेटाबेसमध्ये सापडतं.

- शोध इंग्रजीतच घ्या, पण अख्खा प्रश्न टाइप करू नका. शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा.
- जवळच्या अर्थाचे शब्द 'ऑर'ने जोडा: "रिलक्टंट रीडर्स" ऑर "रीडिंग मोटिव्हेशन". निकाल वाढतात.
- वयोगट 'अँड'ने जोडा, उदा. "मिडल स्कूल". निकाल नेमके होतात.
- 'पीअर रिव्ह्यूड'वर टिक करा, म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेले लेखच दिसतील.

'रीडिंग डिफिकल्टीज' हा शब्द मात्र जपून वापरा. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला शिकवणारं कुणी हवं असतं, कंटाळणाऱ्याला आवडीचं पुस्तक. शोधाचा शब्द चुकला, तर उपायही चुकतो.