छायाचित्रांतले लखनौ

नोकरीच्या निमित्ताने उत्तर हिंदुस्थानात येऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या घरी मार्गशीर्ष-पौषात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. काशी, प्रयाग आणि अयोध्या ही पाहुण्यांच्या मनातील खरी ठिकाणे. लखनौ हे वाटेवरचे, बदलीवर आलेल्या भावाचे किंवा जावयाचे गाव. तथापि दोन दिवसांच्या मुक्कामात रूमी दरवाजा, बडा इमामवाडा, रेसिडेन्सी आणि छत्तर मंझिल यांची छायाचित्रे काढल्यावाचून कोणीही परत जात नाही. पूर्वी कॅमेरा गळ्यात असे, आता तो खिशातील दूरध्वनीत असतो, फरक इतकाच. छायाचित्र काढणारा ज्या जागी उभा राहतो ती जागा मात्र बहुधा तीच असते, आणि ती त्याने स्वतः निवडलेली नसते. ती कोणी निवडली, केव्हा आणि कशासाठी, हा लखनौच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. येथे राहणाऱ्या आपणां मंडळींना तो ठाऊक असावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम या शहराच्या वास्तूंविषयी थोडे सांगितले पाहिजे. आग्रा आणि दिल्ली ही दगडाची शहरे. लखनौ हे विटांचे आणि चुन्याचे शहर. येथील नबाबी इमारती ‘लखौरी’ नावाच्या पातळ विटांनी उभारलेल्या आणि वर चुन्याच्या गिलाव्यात काढलेल्या वेलबुट्टीने सजवलेल्या आहेत. १७८४ च्या भीषण दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नबाब असफउद्दौला याने बड्या इमामवाड्याचे काम काढले. त्यातील मुख्य दिवाणखाना सुमारे १६० फूट लांब आणि ५० फुटांहून अधिक रुंद असून त्याच्या छताला एकही तुळई नाही. शेजारचा रूमी दरवाजा सुमारे ६० फूट उंच आहे. इतके भव्य बांधकाम, पण सारे विटा-चुन्याचे. म्हणूनच या इमारतींचे सौंदर्य प्रकाशावर फार अवलंबून असते. उन्हाळ्यातील दुपारी गिलाव्यावरची नक्षी डोळ्यांना दिसतच नाही. हिवाळ्यात धुके विरू लागले आणि तिरपे ऊन पडू लागले, की तीच नक्षी उठून दिसते.

लखनौत कॅमेरा इंग्रजांच्या विजयाबरोबर आला असा समज असेल तर तो चुकीचा आहे. तो त्यापूर्वीच, नबाबीच्या अखेरच्या वर्षांत आला होता आणि एका हिंदी माणसाच्या हाती होता. ‘छोटे मियाँ’ या नावाने ओळखला जाणारा अहमद अली खान हा हुसेनाबाद इमामवाड्याचा दारोगा. कैसरबागेच्या बांधकामाशीही त्याचे नाव जोडले जाते. १८५० नंतरच्या दशकात त्याने ही नवी कला आत्मसात केली आणि लखनौत राहणाऱ्या इंग्रज स्त्री-पुरुषांच्या व मुलांच्या तसबिरी काढल्या. त्यांचे संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. खुर्चीवर ताठ बसलेले अधिकारी, मांडीवर मूल घेतलेल्या त्यांच्या स्त्रिया. सारे कसे शांत व निश्चिंत दिसते. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने वाजिद अली शहाला पदच्युत करून अवध खालसा केले. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, ३० जून १८५७ रोजी चिनहटची लढाई हरून इंग्रज रेसिडेन्सीत कोंडले गेले. आत सुमारे ३,००० माणसे होती आणि त्यांत सुमारे ७०० हिंदी शिपाई इंग्रजांच्या बाजूने लढत होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. अहमद अलीच्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्यांपैकी काहीजण त्या वेढ्यात मरण पावले.

नोव्हेंबर १८५७ मध्ये सर कॉलिन कॅम्बेल वेढा फोडण्यासाठी आला. १६ नोव्हेंबर रोजी सिकंदरबागेत जी चकमक झाली तिच्यात सुमारे २,००० हिंदी शिपाई मारले गेले. उंच भिंतींनी वेढलेल्या त्या बागेतून बाहेर पडण्यास त्यांना वाटच राहिली नव्हती. याच लढाईत पासी समाजातील उदादेवी हिने झाडावर चढून इंग्रजांवर गोळ्या झाडल्या अशी परंपरा आहे, आणि तिचा पुतळा आज तेथे उभा आहे. रेसिडेन्सीतील माणसे बाहेर काढून कॅम्बेल परतला. पुढे मार्च १८५८ मध्ये मोठे सैन्य घेऊन तो पुन्हा आला आणि त्याने शहर जिंकले.

या विजयाच्या पाठोपाठ फेलिचे बेआतो लखनौत दाखल झाला. हा जन्माने व्हेनिसचा. आपला मेहुणा जेम्स रॉबर्टसन याच्यासह त्याने क्रिमियन युद्धाची छायाचित्रे काढली होती आणि ‘युद्धाचे छायाचित्रकार’ म्हणून जे पहिले थोडे लोक ओळखले गेले त्यांत त्याची गणना होते. लखनौत त्याने साठाच्या आसपास छायाचित्रे काढली. त्या काळी हे काम फार जिकिरीचे होते. मोठा लाकडी कॅमेरा, तिपाई, काचेच्या जड पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या हा सारा संसार हमालांच्या डोक्यावरून न्यावा लागे. काचेवर चित्र उमटण्यास वेळ लागत असल्यामुळे हलणारी माणसे चित्रात येत नसत. आली तरी धुराच्या पुंजक्यासारखी दिसत. परिणामी बेआतोचे लखनौ निर्मनुष्य दिसते. तोफांनी भोके पडलेल्या भिंती, उघडी दारे आणि ओस पडलेले चौक. मोजकी माणसे दिसतात ती त्याने स्वतः उभी केलेली.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र सिकंदरबागेचे आहे. खांबांची पडकी इमारत, तिच्यापुढे काही माणसे व एक घोडा, आणि समोरच्या जमिनीवर विखुरलेली मानवी हाडे व कवट्या. पाहणाऱ्यास वाटते की लढाई कालच झाली. वस्तुतः त्या लढाईला चार-साडेचार महिने लोटले होते. त्या वेळी लखनौत मुलकी कामावर असलेले जॉर्ज कॅम्बेल (सेनापती कॅम्बेल निराळा) यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे, की प्रेतांवर माती टाकून ती झाकलेली होती. परंतु अखेरची विल्हेवाट लागण्यापूर्वी त्यांचे चित्र मिळावे म्हणून छायाचित्रकाराने ती उघडी करविली. दोन वर्षांनंतर, १८६० मध्ये, चीनमधील ताकूच्या किल्ल्यांतही याच बेआतोने पडलेल्या चिनी सैनिकांची चित्रे काढली. इंग्रज सैनिकांचे मृतदेह मात्र त्याच्या चित्रांत दिसत नाहीत.

येथे छायाचित्राविषयीचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. चित्रकार कल्पनेने रंगवतो, छायाचित्र मात्र खोटे बोलत नाही, असा त्या काळच्या लोकांचा विश्वास होता आणि पुष्कळ अंशी आपलाही आहे. सिकंदरबागेच्या चित्रातील हाडे खरी होती, माणसेही तेथेच मारली गेली होती. तरीही जे दृश्य चित्रात दिसते ते तसे कोणाच्या दृष्टीस सहज पडले नव्हते. ते मांडले गेले होते. ज्यांना शिक्षा व्हावी अशी विलायतेतील ग्राहकांची इच्छा होती, त्यांना शिक्षा झाल्याचा तो पुरावा होता. या चित्रांच्या प्रती विकल्या गेल्या, संग्रहांत चिकटवल्या गेल्या, आणि लखनौ म्हटले की भग्न भिंती हे समीकरण जगाच्या मनात रुजले.

परंतु याच चित्रांची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. छत्तर मंझिलच्या चित्रात गोमतीच्या पात्रात नबाबाची मत्स्याकृती नौका दिसते. दोन मासे हे अवधच्या राजघराण्याचे चिन्ह. उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेत ते आजही आहेत, आणि येथील सरकारी कागदावर ते रोज आपल्या दृष्टीस पडतात. ती नौका गेली, चित्र राहिले. उंच इमारतींच्या गच्चीवरून अनेक चित्रे घेऊन ती एकास एक जोडून बेआतोने शहराची विस्तीर्ण दृश्येही तयार केली. त्यांचे मोल पुढील घटनांमुळे वाढले. कर्नल रॉबर्ट नेपियर याने १८५८ मध्ये लखनौच्या बंदोबस्ताची योजना आखली. दाट वस्तीतून सैन्याला जलद जाता यावे म्हणून रुंद सरळ रस्ते काढले गेले, मच्छीभवनाच्या परिसरात मोकळे मैदान केले गेले, आणि बडा इमामवाडा कित्येक वर्षे लष्कराच्या ताब्यात राहिला. शहराचा जो मोठा भाग या रस्त्यांखाली गेला त्याचे दर्शन आज कोठे घडत असेल तर ते बेआतोच्या चित्रांत. ज्यांनी शहर जिंकले त्यांच्याच छायाचित्रकाराने नकळत त्या शहराची साक्ष जपून ठेवली.

त्यानंतर सोळा वर्षांनी एका लखनवी माणसाने आपल्या शहराकडे कॅमेरा वळवला. दारोगा अब्बास अली हा नगरपालिकेच्या सेवेतील अभियंता. १८७४ मध्ये त्याचा ‘लखनौ अल्बम’ कलकत्त्यात छापून निघाला. त्यात ५० छायाचित्रे आणि शहराचा एक मोठा नकाशा होता. पुस्तक इंग्रजीत होते आणि १८५७ ची स्थळे पाहण्यास येणाऱ्या गोऱ्या प्रवाशांना वाटाड्या म्हणून ते उपयोगी पडावे हा उद्देश उघड होता. त्यामुळे रेसिडेन्सी आणि तिच्या परिसराला त्यात मोठे स्थान मिळाले. त्याच वर्षी त्याने लखनौच्या नर्तकी व नटी यांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले, आणि १८८० मध्ये अवधच्या राजे व तालुकदारांच्या तसबिरींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या तिन्ही पुस्तकांचा एकत्र विचार केला म्हणजे या सरकारी नोकराची कामगिरी ध्यानात येते. राज्यकर्त्यांना रुचेल ते त्याने दिले हे खरे; पण त्याच्या चित्रांत लखनौला पुन्हा माणसे मिळाली. बेआतोने ओस पडलेले शहर दाखवले होते, अब्बास अलीने त्या शहरात राहणारी माणसे दाखवली.

मराठी वाचकाला येथे एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये बेआतो लखनौत काचेच्या पट्ट्या धूत होता, त्याच दिवसांत झाशीच्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते. दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून निघालेला हा गरीब भिक्षुक. पुढे पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून, त्यांनी आठवेल तसे लिहून काढले आणि ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोडसे भटजींजवळ कॅमेरा नव्हता; तारखांत व तपशिलांत त्यांची स्मृती कोठे कोठे चुकतेही. परंतु शहर पडल्यावर सामान्य माणूस कोठे लपतो, काय खातो आणि कशाला भितो हे आपल्याला त्यांच्याकडून कळते. बेआतोच्या साठ चित्रांतून ते कळत नाही. यंत्राची साक्ष आणि माणसाची साक्ष या दोहोंनी मिळून इतिहास पुरा होतो. एकीवाचून दुसरी लंगडी.

लखनौच्या या चित्रांशी महाराष्ट्राचा आणखी एक धागा जोडलेला आहे. पुण्यात १९२५ मध्ये जन्मलेले थोर नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी जुन्या छायाचित्रांचा प्रचंड संग्रह केला. त्यातील लखनौच्या चित्रांवर आधारलेला ग्रंथ रोझी लुएलिन-जोन्स यांच्या संपादनाखाली २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी विकली गेलेली ही चित्रे एका पुणेकराच्या ध्यासामुळे हिंदी अभ्यासकांच्या पुढ्यात आली, ही समाधानाची गोष्ट होय.

आता हिवाळ्यात कॅमेरा घेऊन निघणाऱ्या वाचकाने काय करावे? रेसिडेन्सीचे चित्र काढू नये असे मी म्हणणार नाही. ते अवश्य काढावे. पण नदीकाठच्या शहीद स्मारकाचेही काढावे, म्हणजे दोन्ही बाजूंचे मृत आपल्या संग्रहात शेजारी येतील. कैसरबागेत वाजिद अली शहाच्या परीखान्याच्या इमारतीसमोर थोडे थांबावे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौत स्थापन केलेले आणि श्रीकृष्ण रातंजनकर यांनी दीर्घकाळ सांभाळलेले संगीत विद्यालय पुढे याच वास्तूत नांदले, आणि आज ते भातखंडेंच्याच नावाचे विद्यापीठ आहे. बेआतोच्या चित्रांत लुटून ओसाड झालेल्या कैसरबागेत एका मराठी माणसामुळे पुन्हा सूर घुमू लागले, याहून अधिक बोलके चित्र आपणांस कोठे मिळणार? चौकात पहाटे धुक्यात ‘मक्खन-मलाई’ची टोपली घेऊन बसलेला विक्रेता दिसेल. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा हा फेस थंडीतच होतो आणि ऊन चढताच विरतो. त्या विक्रेत्याचेही चित्र घ्यावे. मात्र त्याची अनुमती विचारून. सिकंदरबागेतील मृतांना ती कोणी विचारली नव्हती.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. प्रत्येक चित्रामागे दिनांक, स्थळ आणि चित्रातील माणसांची नावे लिहून ठेवावीत. जुन्या चित्रांचा काळ ठरवताना अभ्यासकांना किती क्षुल्लक खुणांवर विसंबावे लागते ते पाहण्यासारखे आहे. रेसिडेन्सीच्या पडक्या मनोऱ्यावर इंग्रजी निशाण दिसले तर चित्र १९४७ पूर्वीचे. हुसेनाबादचा २२१ फुटी घड्याळाचा मनोरा दिसला तर ते १८८० नंतरचे. बदलीच्या नोकरीत आपण तीन-चार वर्षांनी येथून निघून जातो. येथील घर आणि शेजार मागे राहतो. सामानाच्या पेट्यांतून बरोबर येतात ती चित्रेच. पुढे कधी नातवाने ती पाहिली, तर आजोबा केवळ पडक्या भिंती पाहून परतले नाहीत, त्या भिंतींच्या सावलीत राहणारी माणसेही त्यांनी ओळखली होती, एवढे त्याला त्यांतून उमगावे.