आसाम आंदोलन

आसाम आंदोलन हे भारताच्या आसाम राज्यात १९७९ ते १९८५ या काळात बेकायदेशीर स्थलांतराविरुद्ध झालेले जनआंदोलन होय. परकीय नागरिकांचा शोध घ्यावा, त्यांची नावे मतदारयाद्यांतून वगळावीत व त्यांना देशाबाहेर पाठवावे, या त्याच्या प्रमुख मागण्या होत्या. आंदोलनाचे नेतृत्व ऑल आसाम स्टुडंट्स युनियन (आसू) आणि अखिल आसाम गण संग्राम परिषद यांनी केले.

पार्श्वभूमी

पूर्व बंगालमधून आसामात होणारे स्थलांतर ब्रिटिश काळापासून चालू होते. फाळणीनंतर मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आल्याने तो नागरिकत्वाचा प्रश्न बनला. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीपूर्वी मतदारयादी तपासली असता हजारो नावांवर आक्षेप आले. ८ जून १९७९ रोजी आसूने राज्यव्यापी बंद पाळला.

वाटचाल

सत्याग्रह, धरणे, बंद आणि राज्याबाहेर जाणाऱ्या खनिज तेलाची अडवणूक हे आंदोलनाचे मार्ग होते. सदोष याद्यांवर निवडणूक घेण्यास विरोध म्हणून १९८३ च्या निवडणुकीवर बहिष्कार घालण्यात आला. या काळात मोठा हिंसाचार उसळला. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्ली परिसरात बंगाली मुसलमानांचे हत्याकांड झाले. अधिकृत आकड्यानुसार त्यात सुमारे १,८०० लोक मारले गेले. अन्य अंदाज याहून अधिक आहेत. या प्रकरणी कोणालाही शिक्षा झाली नाही.

आसाम करार

१५ ऑगस्ट १९८५ रोजी केंद्र सरकार व आंदोलनाचे नेते यांच्यात करार झाला. १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेल्यांना नियमित करावे, त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावे दहा वर्षांसाठी मतदारयादीतून वगळावीत आणि त्यापुढे आलेल्यांना बाहेर पाठवावे, असे ठरले. त्यासाठी नागरिकत्व कायद्यात कलम ६अ घालण्यात आले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत आसाम गण परिषद सत्तेवर आली व प्रफुल्लकुमार महंत मुख्यमंत्री झाले.

पुराव्याची जबाबदारी

परकीय कोण हे कोणी सिद्ध करायचे, हा वाद करारानंतरही राहिला. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानुसार ही जबाबदारी संबंधित व्यक्तीवर होती. केवळ आसामात लागू केलेल्या १९८३ च्या कायद्याने ती तक्रारदार व शासनावर टाकली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. त्यांना परकीय नागरिक न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची तरतूद आहे. कलम ६अ ची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने मान्य केली.