‘का?’ ते ‘किती?’

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते, असे ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व ४थ्या शतकात मांडले. ६व्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने प्रत्यक्ष अनुभवाचा दाखला देऊन ते खोडून काढले. तरी पडण्याचा नियम हाती आला नाही. इतका अल्प वेळ मोजायचा कसा?

गॅलिलिओने पडणेच मंद केले. तिरप्या फळीच्या गुळगुळीत खोबणीतून त्याने काशाची गोळी सोडली आणि तेवढ्यात बारीक धारेतून साठलेले पाणी तोलून वेळ ठरवला. दुप्पट वेळात अंतर चौपट, तिप्पट वेळात नऊपट! १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ग्रंथात त्याने हे मांडले. वस्तू का पडते, हा प्रश्न त्याने तूर्त बाजूला ठेवला. ‘किती?’ विचारल्यावर मात्र निसर्गाने नेमके उत्तर दिले. फळी, गोटी आणि पाणी आपल्या वर्गातही मिळतील.