नाव, गाव आणि साल

शाळेच्या कार्यालयातला संगणक उघडला की एक ओळखीचे दृश्य दिसते. 'फोटो', 'नवीन फोटो', 'नवीन फोटो २', 'सरांच्या मोबाइलमधले', 'स्नेहसंमेलन शेवटचे' अशा नावांची फोल्डर एकाखाली एक मांडलेली असतात. पाच वर्षांपूर्वीच्या वृक्षारोपणाचा फोटो अहवालासाठी हवा असेल, तर अर्धा दिवस शोधण्यात जातो. शिरूर अनंतपाळसारखे तालुक्याचे गाव असो की लातूर-नांदेड शहर, चित्र फारसे वेगळे नाही.

शिक्षकखोलीत दुसरा एक प्रश्नही नेहमी निघतो. कोणता ब्राउझर चांगला? ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पाने उघडून आपल्याला दाखवणारा प्रोग्राम. कुणी म्हणते हा वेगवान आहे, कुणी म्हणते शासनाचे पान त्याच्यातच उघडते.

वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. पण दोन्हींचा इतिहास तपासला, तर मुळाशी एकच प्रश्न सापडतो. आपण आज ठेवलेली वस्तू उद्या दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या यंत्रावर, आपण शेजारी नसताना उघडता आणि ओळखता येईल का? हा इतिहास आपण थोडक्यात पाहू. त्याची सुरुवात संगणकाच्या बरीच आधी होते.

काचेच्या पाटीवरचा क्रमांक

छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते.

आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. या राज्याचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. पुढे ते हैदराबादकडे वळले आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबादला आणि १८९६ पासून मुंबईलाही त्यांचा स्टुडिओ होता. वेरूळ आणि दौलताबाद यांची त्यांनी काढलेली चित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात.

तेव्हाचा फोटो काचेच्या पाटीवर निघत असे. पाटी जड, पडली की फुटणारी. शिवाय तिच्यावरचे चित्र उलटे, म्हणजे उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड. अशा शेकडो पाट्या पेट्यांत भरल्यावर नुसते पाहून हवी ती काढणे कठीणच. म्हणून पाटीला क्रमांक द्यायचा आणि स्थळाचे नाव लिहायचे, ही शिस्त या धंद्याने लावून घेतली. दीनदयाळ यांच्या अनेक चित्रांच्या कडेला क्रमांक आणि नाव छापून आलेले दिसते. त्यांचे निधन १९०५ साली झाले. त्यांच्या संग्रहातल्या २,८५७ काचेच्या पाट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. काढणारा माणूस जाऊन ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती. पाटीवर लिहिलेली नोंद मात्र बोलत होती.

शिक्षकांना ही पद्धत नवी नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याला एक क्रमांक मिळतो. तो वर्ग बदलला, तुकडी बदलली तरी बदलत नाही. पन्नास वर्षांनी कुणी दाखला मागायला आला तरी त्या क्रमांकावरून नोंद सापडते. फोटोलाही असाच कायमचा क्रमांक लागतो.

एकाच गावाचे तीन जिल्हे

क्रमांकाबरोबर गावाचे नाव लिहिले की काम भागले, असे वाटेल. आपल्याच भागातले एक उदाहरण घेऊ. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेनंतर ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि ते लातूरचे झाले. म्हणजे निलंग्यातल्या एकाच वाड्याचे तीन फोटो, १९५०, १९७० आणि १९९० सालचे, तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या फोल्डरमध्ये जातील. उस्मानाबादचे आता धाराशिव झाले आहे, हा आणखी एक पदर.

नुसते 'शिरूर' लिहून ठेवले तर घोटाळा वाढतोच. एक शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, एक शिरूर कासार बीड जिल्ह्यात. आपल्या लातूर जिल्ह्यातच शिरूर अनंतपाळ आणि अहमदपूर तालुक्यातले शिरूर ताजबंद अशी दोन. गावात राहणाऱ्याला 'शिरूर' म्हटले की पुरते. पण फोटो गावाबाहेर गेला, की पुढचा शब्द नसेल तर तो पोरका होतो.

नाव तेच राहते आणि गावच हलते, असेही होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीची घरे आतल्या चीजवस्तूंसह कोसळली. नंतर अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. आता एखाद्या फोटोमागे फक्त 'किल्लारी, आमची गल्ली' असे लिहिले असेल, तर ती गल्ली जुन्या गावातली की नव्या? साल लिहिले असेल तरच उत्तर मिळते. नाव, गाव आणि साल ही तीन अंगे एकत्र असली तरच नोंद पुरी होते. एक गळले की बाकीची दोनही लंगडतात.

कॅमेऱ्याने स्वतः केलेली नोंद

स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली कोडॅक कंपनीत पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात १०० गुणिले १०० म्हणजे फक्त दहा हजार बिंदू होते, आणि ते चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९२ मध्ये चित्र थोड्या जागेत साठवण्याची 'जेपेग' ही पद्धत सर्वमान्य झाली. १९९५ मध्ये जपानी उत्पादकांनी 'एक्झिफ' ही नोंदपद्धत ठरवली. तिच्यामुळे फोटो काढल्याची तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे नाव चित्राच्या फाइलीतच लिहिले जाऊ लागले. दीनदयाळ यांच्या स्टुडिओत हाताने होणारे काम आता यंत्र करू लागले, असे म्हणायला हरकत नाही.

पण यंत्राची नोंद अर्धीच असते. साल ते लिहिते, तेही कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावले असेल तर. मोबाइलमध्ये जागा नोंदवण्याची सोय चालू असेल तर गावाचा ठावठिकाणाही मिळतो. माणसांची नावे मात्र यंत्राला आपण सांगितल्याशिवाय कळत नाहीत. कॅमेरा फायलींना ०००१ ते ९९९९ असे आकडे देतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. त्यामुळे दोन वर्षांच्या दोन वेगळ्या फोटोंचे नाव एकच असू शकते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तर लहान केला जातो आणि त्यातली ही आतली नोंदही बहुतेक पुसली जाते. शाळेच्या गटावर आलेला फोटो आपण जपून ठेवतो, पण आपल्या हाती येते ती नोंद फाडलेली पाटी.

दुसरा बदल खर्चाचा. रिळात ३६ फोटो निघत आणि प्रत्येक धुऊन घ्यायला पैसे पडत. म्हणून निवड बटण दाबण्याआधी होई. आता एका कार्यक्रमाचे चारशे फोटो निघतात आणि निवडीचे काम नंतरवर पडते. ते 'नंतर' सहसा उजाडत नाही.

खिडकी कुणाची?

आता ब्राउझरकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सगळे तंत्र जगाला विनामूल्य खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेत 'मोझेक' हा ब्राउझर आला. मजकूर आणि चित्रे एकाच पानावर दाखवल्यामुळे तो झपाट्याने लोकप्रिय झाला. १९९४ मध्ये 'नेटस्केप' आला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'इंटरनेट एक्स्प्लोरर'. योगायोग असा, की त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले.

मग या दोघांची स्पर्धा जुंपली. पानाचा मजकूर खुणा घालून लिहिलेला असतो; त्या खुणा वाचून ब्राउझर पान रंगवतो. नेटस्केपने लुकलुकणाऱ्या मजकुराची खूण काढली, ती दुसऱ्याला कळत नसे. एक्स्प्लोररने सरकत्या मजकुराची काढली, ती पहिल्याला कळत नसे. 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल' अशा पाट्या पानापानांवर लागल्या.

मराठी वाचकाला तर याचा दुहेरी फटका बसला. त्या वेळच्या फॉन्टांत अक्षरांसाठी २५६ घरे असत. त्यांत मराठी अक्षरे कुठे बसवायची हे फॉन्ट बनवणारी प्रत्येक संस्था आपल्या सोयीने ठरवी. सरकारने १९९१ मध्ये 'इस्की' हे प्रमाणक ठरवले होते, पण छपाईच्या फॉन्टांचा व्यवहार वेगळाच चालला होता. एका फॉन्टात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की अगम्य चिन्हे दिसत. पानाबरोबर फॉन्टही पाठवायची युक्ती निघाली, पण तिचेही नेटस्केपचे रूप वेगळे आणि एक्स्प्लोररचे वेगळे. कोणता ब्राउझर वापरायचा हे वाचक ठरवत नसे. त्याच्या वर्तमानपत्राचा फॉन्ट ठरवत असे. काही जण मराठी मजकुराचे चित्रच करून पानावर लावत. ते सगळीकडे दिसे, पण त्यातला एक शब्दही शोधता येत नसे.

हा गुंता सुटला तो युनिकोडमुळे. १९९१ मध्ये आलेल्या या प्रमाणकात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. फॉन्ट कुणाचाही असो, ब्राउझर कुठलाही असो, २३२५ म्हणजे 'क'च. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी 'मंगल' हा फॉन्ट आला. त्याची अक्षरे मुंबईचे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखली होती. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यावरचा लेख कुठल्याही मोबाइलवर वाचता येतो, याचे कारण हा अक्षरांचा कायमचा क्रमांक. पाटीवरचा क्रमांक आणि 'क'चा क्रमांक ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत.

हरलेले आणि जिंकलेले

जिंकलेला कायम जिंकलेला राहत नाही, हेही या इतिहासात दिसते. २००२-०३ च्या सुमारास नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एक्स्प्लोरर वापरत. नेटस्केपने आपला प्रोग्राम १९९८ मध्ये खुला केला होता. त्यातून २००४ मध्ये 'फायरफॉक्स' उभा राहिला. २००८ मध्ये गूगलचा 'क्रोम' आला. १५ जून २०२२ रोजी एक्स्प्लोरर निवृत्त झाला. केवळ त्याच्यासाठी लिहिलेली पाने तेव्हा अडचणीत आली. खुल्या नियमांनी लिहिलेल्या पानांना काहीच झाले नाही.

फोटोंच्या बाबतीतही असेच घडले. गूगलचा 'पिकासा' हा फोटो लावण्याचा प्रोग्राम खूप जणांच्या आवडीचा होता. २०१६ मध्ये तो बंद झाला. त्यात चेहऱ्यांना दिलेली नावे सहसा पिकासाच्या स्वतःच्या नोंदीत राहत, चित्राच्या फाइलीत जात नसत. फोटो उरले, नावे मागे राहिली. 'गूगल फोटोज'ची अमर्याद मोफत साठवण २०१५ मध्ये सुरू झाली आणि १ जून २०२१ पासून थांबली.

म्हणून प्रोग्राम निवडताना 'यात किती सोयी आहेत' याच्या आधी 'यातून माझ्या वस्तू नोंदींसह बाहेर काढता येतात का' हे विचारावे. ब्राउझर निवडतानाही तेच. जतन केलेले पत्ते फाइल करून दुसऱ्यात नेता येतात का ते पाहावे आणि संगणकावर निदान दोन ब्राउझर ठेवावेत. पान एकातच उघडत असेल, तर दोष बहुधा पान लिहिणाऱ्याचा असतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

महिन्यांची नावे देवनागरीत दिलेली बारा फोल्डर करा आणि संगणकाला ती नावाप्रमाणे लावायला सांगा. बहुतेक वेळा वर्ष एप्रिलने सुरू होईल, मग ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, आणि शेवट सप्टेंबरने. संगणक ऋतू जाणत नाही, अक्षरांचा क्रम जाणतो. आता आधी साल, मग महिन्याचा दोन अंकी आकडा, मग दिवस असे नाव द्या. उदाहरणार्थ 'शिरूर अनंतपाळ'च्या आधी '२०२४-०८-१५'. सगळे आपोआप रांगेत येते. अंक मराठी किंवा इंग्रजी, कोणतेही एकच ठरवा. संगणकाला ते वेगळे असतात.

दुसरा उपक्रम अधिक महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्यांनी घरच्यांच्या परवानगीने प्रत्येकी एक जुना फोटो आणावा. आजी-आजोबांना विचारून मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नाव, गाव आणि साल लिहावे. एका वहीत क्रमांकासह त्याची नोंद करावी. मग फोटोचे डिजिटल चित्र काढून त्यालाही तोच क्रमांक द्यावा आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. भूकंपाच्या वेळी जे तिशीत होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. त्या आधीच्या गल्लीतली, वाड्यातली, शाळेच्या ओसरीवरची माणसे कोण, हे ओळखणारे डोळे थोडेच उरले आहेत. नवे यंत्र जुन्या फोटोचे डाग पुसू शकेल, पण मागच्या रांगेत डावीकडून तिसरी उभी असलेली मुलगी कोण, हे त्याला कधीच सांगता येणार नाही.